हात वर करायचा की चिठ्ठी टाकायची?

भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या झोतभट्ट्यांना लागणारे लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून येत आले आहे. १९७७ मध्ये तिथल्या कंत्राटी मजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली ‘छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ’ उभा केला. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात ११ जणांचा जीव गेला. तरीही लढा थांबला नाही. पुढे मजुरी वाढली आणि वाढलेला पैसा दारूत जाऊ लागला.

पिणे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, असे म्हणून संघटनेने अंग काढून घेतले नाही. मोहल्ल्यांत बैठका झाल्या. खाणीत पुरुषांच्या बरोबरीने राबणाऱ्या बायका पुढे आल्या, मजुरांनी सोबत्यांसमोर शपथा घेतल्या आणि हजारोंनी दारू सोडली. घरच्यांच्या विनवण्यांनी जे झाले नव्हते, ते बरोबरीच्या माणसांनी कसे करून दाखवले? या प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षांचा विचार आहे.

सुरुवातीला विद्वानांना समूहाची भीतीच वाटत होती. फ्रान्सच्या गुस्ताव ल बाँ यांनी १८९५ मध्ये गर्दीवर पुस्तक लिहिले. गर्दीत शिरलेल्या माणसाची विवेकबुद्धी लोपते, असा त्यांचा निष्कर्ष होता. युरोपातल्या सुखवस्तू वर्गाला तो पटला, कारण रस्त्यावर उतरणाऱ्या कामगारांचा त्याला धसका होता. पण ल बाँ यांनी प्रयोग करून काही तपासले नव्हते.

तपासणी पुढे झाली. तुर्कस्तानात जन्मलेल्या मुझफ्फर शेरीफ यांनी १९३५ मध्ये एका प्रयोगाची मांडणी प्रसिद्ध केली. काळोख्या खोलीत स्थिर असलेला प्रकाशाचा ठिपका हलल्यासारखा भासतो. तो किती हलला, हे एकेकट्याला विचारले की उत्तरे वेगवेगळी येत. एकत्र बसवले की ती हळूहळू जुळत आणि पुढे एकटा असतानाही माणूस तेच माप धरून चाले. शेरीफ यांच्या प्रयोगातल्या माणसांना कोणी धाकदपटशा केला नव्हता. डोळ्यांना खात्री देता येईना, तेव्हा त्यांनी शेजाऱ्याचा आधार घेतला होता.

मग डोळ्यांना स्वच्छ दिसत असेल तर? सॉलोमन ॲश यांनी १९५१ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रेषांची लांबी जुळवायला सांगितली. उत्तर पोरालाही यावे इतके सोपे होते. पण आधी बोलणारे सगळे ॲश यांनी पढवलेले होते आणि ते ठरवून चूक उत्तर देत. सुमारे ३७ टक्के वेळा प्रयोगातल्या खऱ्या सहभागीने त्यांच्या चुकीला होकार दिला. बहुतेक पुस्तके हा आकडा सांगून थांबतात. याच प्रयोगातल्या दोन गोष्टी त्याहून मोलाच्या आहेत. एक जरी सोबती खरे बोलणारा मिळाला, तरी बहुमताचा प्रभाव चौथाईवर येई. आणि उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी गुपचूप लिहायला दिले, तर बहुतेक माणसे आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवत.

दल्ली-राजहऱ्याचे उत्तर मात्र कुर्ट लेविन यांच्याकडे सापडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. एरवी नकोसे वाटणारे प्राण्यांचे हृदय, मूत्रपिंड असे अवयव गृहिणींनी शिजवावेत, अशी सरकारची इच्छा होती. लेविन यांनी काही बायकांना तज्ज्ञांचे व्याख्यान ऐकवले, तर काहींना आपसात चर्चा करून शेवटी हात वर करून निर्णय घ्यायला लावला. व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी ३ टक्के बायकांनी पूर्वी कधी न केलेला असा पदार्थ केला. एकत्र निर्णय घेणाऱ्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. खाणमजुरांनाही कोणी दारूबंदीचे व्याख्यान दिले म्हणून ते बदलले नाहीत. निर्णय त्यांच्याच बैठकीत झाला होता, आणि तो मोडला तर उद्या खाणीत शेजारी उभ्या असणाऱ्यालाच तोंड दाखवायचे होते.

मूठभर माणसे बहुसंख्यांना वळवू शकतात का, हे सर्ज मॉस्कोविसी यांनी १९६९ मध्ये पाहिले. सहा जणांच्या गटातल्या, आधी पढवलेल्या दोघींनी निळ्या रंगाला सतत हिरवा म्हटले. उरलेल्यांच्या उत्तरांपैकी ८ टक्क्यांहून थोडी जास्त उत्तरेही ‘हिरवा’ अशी आली. त्या दोघी कधी हिरवा, कधी निळा म्हणू लागल्या की हा प्रभाव जवळजवळ नाहीसा होई. नियोगींच्या कामातही तोच चिवटपणा होता. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत झोपेत त्यांची हत्या झाली, तेव्हाही ते तिथल्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांच्या लढ्यातच होते.

पण ज्या बळावर दारू सुटते, त्याच बळावर एखादे घर वाळीतही टाकले जाते. रायगड जिल्ह्यातल्या गावकीने टाकलेले बहिष्कार आणि जातपंचायतींचे निवाडे यांमुळे महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. छत्तीसगडने त्याआधीच, २००५ मध्ये, बायकांना ‘टोनही’ म्हणजे चेटकीण ठरवून छळणाऱ्यांविरुद्ध कायदा केला होता. अशा छळात गावातल्या प्रत्येकाला ती बाई चेटकीण वाटत नसते. नाही म्हणणारा पहिला माणूस उभा राहत नाही, म्हणून बाकीचे गप्प राहतात.

यावर महाराष्ट्राकडे एक चांगली रीत आहे. गावातले दारूचे दुकान बंद करायचे असेल, तर बायका गुप्त मतदान करतात. दुकान राहावे म्हणणारीने उभ्या बाटलीला मत द्यायचे, बंद व्हावे म्हणणारीने आडव्या बाटलीला. दुकान बंद होण्यासाठी एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. आधी गावभर सभा, फेऱ्या, चर्चा होतात आणि मत पडद्याआड पडते. लेविन आणि ॲश दोघांचे म्हणणे एकाच रीतीत पाळले जाते. ग्रामसभेत दुकानदारासमोर, सासऱ्यासमोर हात वर करायला सांगितले असते, तर किती बायकांनी तो केला असता?

भिलाईतल्या वैशाली नगरसारख्या वस्तीत गणपतीची वर्गणी ठरते, गल्लीची बैठक होते, कोणाशी संबंध ठेवायचे यावरही कुजबुज चालते. तिथल्या मराठी घरांना एवढेच सांगणे आहे: चर्चा सगळ्यांनी मिळून करा, पण निर्णयाच्या वेळी कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. वर्गणीची यादी मोठ्याने वाचू नका, बंद पाकिटे घ्या. आणि बैठकीत एखाद्याचे नाव वाळीत टाकण्यासाठी पुढे आले, तर पहिला विरोध तुम्ही नोंदवा.