जे अंग दुखत नाही

(शास्त्रभाग: १ करिंथ १२:१२–२७)

शरीर एक असून अवयव पुष्कळ आहेत, आणि एका अवयवाचे दुःख ते सर्वांचेच दुःख होय, असे पौल प्रेषित करिंथ येथील मंडळीस शिकवितो. हे शिक्षण आपण पुष्कळदा ऐकले आहे. परंतु पायाचे दुःख सर्व देहास कोणत्या वाटेने कळते, ह्याचा विचार आपण क्वचितच करितो. आज तो करू या.

आपल्या कातडीत ज्ञानतंतूंची अतिसूक्ष्म टोके पसरलेली आहेत. कित्येक स्पर्श ओळखितात, कित्येक उष्णता व थंडी, आणि कित्येक इजा. तेथून निघालेला निरोप पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत शिरतो व वर मेंदूस पोहोचतो. सर्व निरोप एकाच वेगाने जात नाहीत. स्पर्शाचा निरोप एका सेकंदात सुमारे ३५ ते ७५ मीटर धावतो. तीक्ष्ण वेदनेचा सुमारे ५ ते ३० मीटर. मंद ठणक्याचा तर अर्धा ते दोन मीटरच. म्हणून बांधावर ठेच लागली म्हणजे प्रथम धक्का कळतो, मग सणक येते, आणि मागाहून ठणका लागतो. भाकरी भाजताना बोट तव्यास लागले, तर मज्जारज्जूच हात मागे घेवितो. भाजल्याचे मेंदूस कळते तोपर्यंत हात निघालेलाही असतो. पाहा, निर्माणकर्त्याने आपल्या रक्षणार्थ केवढी तजवीज केली आहे!

हा पहारेकरी नसता तर बरे झाले असते, असे दुखण्याने गांजलेल्या मनुष्यास वाटते. परंतु तो नाहीसा झाला म्हणजे काय होते, हे कुष्ठरोगाने दाखविले आहे. ह्या रोगाचे जंतू नॉर्वे देशातील डॉक्टर हॅन्सन ह्यांनी १८७३ साली शोधून काढिले. ते ज्ञानतंतूंत शिरून त्यांचा नाश करितात. रोग्याची बोटे रोगानेच झडतात, असे लोक फार काळ समजत असत. १९४६ साली वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आलेले शस्त्रवैद्य पॉल ब्रँड ह्यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा निराळेच आढळून आले. दुःख कळत नसल्यामुळे हात भाजतो, पायात काटा राहतो, जखम चिघळते, तरी मनुष्य त्याच पायाने चालत राहतो. आणि अशाने अवयव झिजून जातात. अंगाचा नाश वेदनेने नव्हे, तर वेदना नसल्यामुळे होतो.

आता आपण आपल्या मंडळीकडे वळू. शौल विश्वासणाऱ्यांचा छळ करीत दिमिष्काच्या वाटेने चालला असता, प्रभूने त्यास अडवून विचारिले ते स्वतःच्या छळाविषयी. घाव पृथ्वीवरील अवयवांस लागले. ते स्वर्गातील मस्तकास कळले. विधवेच्या घरी चूल पेटली नाही, हे ख्रिस्तास आजही कळते. प्रश्न इतकाच की, शेजारच्या घरात राहणाऱ्या आपणांस ते कळते काय? न कळेल, तर तिचे दुःख लहान आहे असे नव्हे. आपल्यातील तंतू मेला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कुष्ठरोग्याची बधिरता हा रोग आहे, पाप नव्हे. परंतु बरा होऊन आलेल्या बंधूस जी मंडळी मागे बसविते, प्रभुभोजनाच्या वेळी त्याच्या हाताकडे पाहून आपला हात आखडते, तिची बधिरता हे पाप आहे. मार्काच्या पहिल्या अध्यायात आपल्या तारणाऱ्याने कुष्ठरोग्यास बरे केले ते केवळ शब्दाने नव्हे; त्याने हात पुढे करून त्यास स्पर्श केला. ज्यास कोणी शिवत नव्हते त्यास तो शिवला. मग आपण कोणाचे शिष्य म्हणवितो?

म्हणून उपदेशक बंधूंनो, घरोघर जाल तेव्हा प्रार्थनेपूर्वी विचारपूस करा. कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर त्यास लाजवू नका व लपवू देऊ नका. त्याच्याबरोबर सरकारी दवाखान्यात जा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८१ साली सुचविलेले अनेक औषधांचे उपचार तेथे विनामूल्य मिळतात. सहा महिने ते एक वर्ष नेमाने औषध घेतले असता रोग बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच रोग्यापासून इतरांस लागण होण्याचे थांबते. मात्र मेलेली संवेदना औषधाने बहुधा परत येत नाही. म्हणून उशीर करू नये. ज्याचे पाय बधिर आहेत त्याने रोज रात्री दिव्याच्या उजेडात आपले तळवे पाहावेत. स्वतःस दिसत नसेल, तर घरच्या कोणी पाहावेत. जे त्याच्या तंतूस कळत नाही ते आपल्या डोळ्यांनी पाहणे, हेच एकमेकांचे अवयव असणे होय.

बधस्तंभावर जाण्यापूर्वी प्रभूस बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला असता त्याने तो घेतला नाही. त्याने आमचे दुःख पूर्ण शुद्धीवर राहून सोसले. त्या मस्तकाशी आपण जडलेले राहू, तर शेजाऱ्याचे दुःख आपणांस कळल्यावाचून राहणार नाही. देव आपणां सर्वांस असे जिवंत हृदय देवो. आमेन.