हिरवं नख

मुरारच्या सदर बाजारामागच्या गल्लीत एक आजी राहत होती. तिने उमेदीची सारी वर्षं जयारोग्य रुग्णालयात परिचारिका म्हणून घालवली होती. काचेच्या सिरिंजा उकळण्याचा काळ तिने पाहिला होता आणि एकदा वापरून फेकून द्यायच्या सुयांचाही. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असं तिचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी एक सवय काही सुटली नव्हती. कुठेही गेली की ती आधी माणसांचे हात बघायची.

तिच्या नातीचं लग्न माघात ठरलं होतं. नात नोकरीला इंदूरला होती. साखरपुड्याच्या वेळी तिने तिथेच एका दुकानात स्वस्तात खोटी नखं बसवून घेतली होती. संक्रांत झाली, ग्वाल्हेरचा मेळा भरात आला, आणि नात घरी आली. लग्नाला बारा दिवस उरले होते. गजकाचा तुकडा उचलताना तिच्या अनामिकेचं नख आजीला दिसलं. नख एका कडेने सुटलं होतं आणि खाली हिरवट डाग होता.

"हे काय गं?"

"काही नाही आजी. रंग उतरला असेल. आज नवीन बसवून घेते. तूही चल ना."

बाजारात नखांचं एक नवं दुकान निघालं होतं. बाहेर गुलाबी दिवे होते, आत भिंतभर नक्षीची चित्रं होती, आणि दारावर लग्नसराईत निम्म्या दराची पाटी होती. बाहेर दाट धुकं आणि बोचरी थंडी, म्हणून खिडक्या गच्च लावलेल्या होत्या. आत पाऊल टाकताच उग्र वास नाकात भरला. आजीचे डोळे चुरचुरले.

खुर्चीसमोर एक पोरगी बसली होती. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. तिने नातीचा हात हातात घेतला, डाग पाहिला आणि क्षणभर थांबली. गल्ल्यावरच्या मालकीणबाई उठून आल्या. त्यांनीही डाग पाहिला आणि हसून म्हणाल्या, "हो जाएगा, दीदी. वरून गडद रंग देऊ, कुणाला दिसणारसुद्धा नाही."

पोरीने फायलर उचललं. त्यावर आधीच्या गिऱ्हाइकाच्या नखांची भुकटी तशीच होती. आजी पोरीचे हात बघत होती. बोटांची टोकं उललेली होती, नखांभोवतीची कातडी लाल होऊन सोलली होती. मधूनमधून ती तोंड खांद्याशी नेऊन खोकत होती.

आजी नातीच्या कानाशी वाकून म्हणाली, "ऊठ."

नात अवघडली. "असं कसं उठायचं, आजी? तिने काम सुरू केलंय."

पोरीला मराठी येत नव्हती, पण दुकानात बसणाऱ्याला 'ऊठ' कुठल्याही भाषेत कळतं. ती खाली मान घालून पुटपुटली, "आंटी, जाऊ नका. गिऱ्हाईक उठून गेलं की माझे पैसे कापतात."

आजी पुन्हा टेकली. तिला नोकरीतले पहिले दिवस आठवले. मोठ्या डॉक्टरांचं काही बिनसलं की ते सिस्टरला बोलत. सिस्टर नव्या मुलींना बोलत. आणि नव्या मुलींना बोलायला पुढे कुणीच नसे.

थोड्या वेळाने ती उठली आणि गल्ल्यापाशी गेली. "तुमच्या मुलीच्या कामात काही खोट नाही," ती म्हणाली. "माझ्या नातीच्या बोटाला दुखणं आहे. ते मी घरीच ओळखायला हवं होतं. चूक माझी आहे. तुम्ही पूर्ण कामाचे पैसे घ्या."

"पूर्ण?" मालकीणबाईंनी विचारलं.

"पूर्ण. मात्र तिचे कापू नका."

बाहेर आल्यावर नात फुरंगटून म्हणाली, "काम काहीच नाही आणि पैसे पूर्ण! निम्मे दिले असतेस तरी चाललं असतं."

"निम्मे दिले असते, तर उरलेले निम्मे तिने भरले असते," आजी म्हणाली, आणि शाल सावरून चालू लागली.

बारादरीच्या बाजूला आणखी एक दुकान होतं. ते लहान होतं. दर जास्त होते आणि चित्रं कमी. भर थंडीत त्याची एक खिडकी उघडी होती आणि हवा बाहेर फेकणारा पंखा घरघरत होता. नात कुडकुडली. तिथल्या बाईंनी तिच्या खांद्यांवर शाल टाकली. "थंडी लागते खरी, पण खिडकी लावत नाही," त्या म्हणाल्या. "मास्कने भुकटी अडते, वास अडत नाही. तो बाहेरच काढावा लागतो."

कोपऱ्यात एक स्टीलचा डबा होता. आजीने त्याच्याकडे बोट केलं.

"वाफेचा आहे, अम्माजी. मोठा कुकरच समजा. लोखंडी हत्यारं त्यातूनच काढतो. नखं घासायच्या पट्ट्या एकदा वापरून टाकून देतो."

"किती वेळ ठेवता?"

"एकशे एकवीस अंशांवर पंधरा मिनिटं."

त्या दिवशी आजी पहिल्यांदा हसली. मग तिने काम करणाऱ्या दोन मुलींचे हात बघितले. हातमोज्यांतले हात दिसत नव्हते. ती वाट बघत बसली. एका मुलीने मोजे बदलायला काढले, तेव्हा दिसलं. कातडी साधी, धडधाकट होती.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंचा आवाज चढला. त्या छावणीतून आल्या होत्या. दोन तास बसून त्यांनी नखं करून घेतली होती, आणि आता रंग फोटोतल्यासारखा नाही म्हणून त्या संतापल्या होत्या. काम केलेली मुलगी मान खाली घालून उभी होती.

दुकानाच्या बाई पुढे आल्या. आधी मुलीला म्हणाल्या, "तू आत जा, चहा पी. इथलं मी बघते." मग गिऱ्हाइकाकडे वळल्या. "तुमचं बरोबर आहे. फोटोतला रंग यापेक्षा फिका आहे. मी आत्ता स्वतः बदलून देते, त्याचे काही घेणार नाही."

"मला वेळ नाही. मी निम्मेच पैसे देणार."

"तिने दोन तास मन लावून काम केलंय. ते तास मला तिच्याकडून परत घेता येणार नाहीत."

"तो तुमचा प्रश्न आहे." बाईंनी निम्म्या नोटा ठेवल्या आणि पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणून निघून गेल्या.

दुकानाच्या बाईंनी त्यांना दारापर्यंत पोचवलं. परत येऊन वही उघडली आणि मुलीच्या नावापुढे तिची पूर्ण मजुरी लिहिली. कमी आलेली रक्कम स्वतःच्या नावापुढे मांडली. कुणाला काही बोलल्या नाहीत. वही उलटी दिसत होती, तरी आजीने ती वाचली. रुग्णांचे तक्ते तिने जन्मभर असेच खाटेच्या पायथ्याशी उभं राहून वाचले होते.

मग नातीची पाळी आली. बाईंनी दिव्याखाली तिचं बोट धरलं आणि हळूच खाली ठेवलं.

"हे मी झाकून देणार नाही, ताई."

"का?"

"खोटं नख कडेने सुटलं. फटीत पाणी साचलं. त्या ओलीत जंतू वाढले, हा हिरवा रंग त्यांचा आहे. वरून झाकलं तर त्यांना आणखी बरं. हे नख काढायचं, बोट कोरडं ठेवायचं आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं."

"अहो, बारा दिवसांवर लग्न आहे! मी दुप्पट पैसे देते."

"दुप्पट पैशाने नख दुप्पट वाढत नाही. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर, तेवढंच. सगळं नवं यायला सहा महिने लागतील."

नातीचे डोळे भरले. "मग मी मघाच्या दुकानात जाते. ते करून देत होते."

बाई त्या दुकानाबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. "बोट तुमचं आहे, ताई," त्या म्हणाल्या. "पण जायच्या आधी खोटी नखं तरी काढून देऊ दे. त्याचे पैसे नाहीत."

नातीने आजीकडे पाहिलं. आजी खिडकीबाहेर बघत होती. नात बसून राहिली.

काढायला तासाच्या वर लागला. ॲसिटोनमध्ये बोटं बुडवली तरी नखं सुटेनात. बाई म्हणाल्या, "स्वस्तातलं द्रावण वापरलंय. याला एमएमए म्हणतात. अमेरिकेत १९७०च्या दशकातच नखांसाठी याच्यावर कारवाई झाली होती. हे फार कडक होतं. दारात बोट अडकलं तर खोटं नख तुटत नाही, खरं उपटून येतं." मग त्यांनी एकेक नख सावकाश घासून उतरवलं. मध्ये दोनदा हातमोजे बदलले.

"दोनदा का?" आजीने विचारलं.

"हे द्रावण पातळ मोज्यातूनही झिरपतं. कातडीला एकदा त्याची ॲलर्जी झाली की जन्माची होते. बोटं उलतात. पुढे दातात सिमेंट भरायचं म्हटलं किंवा गुडघा बदलायचा म्हटलं, तरी त्रास होऊ शकतो. जात एकच आहे ना."

आजी गप्प झाली. तिच्या डोळ्यांपुढे सकाळची उललेली बोटं आली.

दुसऱ्या दिवशी ती औषधांच्या दुकानात गेली, चांगल्या जाड हातमोज्यांचा डबा घेतला आणि गुलाबी दिव्यांच्या दुकानात शिरली. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. तिने डबा पोरीपुढे ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काल तुझ्या मॅडमनी माझं म्हणणं ऐकून घेतलं. त्यांच्याकडच्या मुलींसाठी आणलेत." एवढ्या गिऱ्हाइकांदेखत मालकीणबाईंना 'नको' म्हणता आलं नाही. त्या हसल्या आणि डबा टेबलावरच राहिला.

लग्न झालं. नातीच्या हातभर मेंदी होती, मनगटभर हिरवा चुडा होता, आणि नखं आखूड, साधी होती. डॉक्टरांनी दिलेलं औषध ती रोज लावत होती. लग्नात सासरच्या एका मावशींनी तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "अगं, हे एक नख असं का?"

नवरीने हात मागे ओढला नाही. "ते बरं होतंय," ती म्हणाली.

श्रावणात ती मंगळागौरीला माहेरी आली. तोवर नख मुळापासून टोकापर्यंत स्वच्छ वाढलं होतं. सामान आणायला ती आजीबरोबर बाजारात निघाली. गुलाबी दिव्यांचं दुकान लागलं, तशी दोघी काचेतून आत बघायला थांबल्या. खिडक्या अजून बंदच होत्या. पण खाली मान घालून काम करणाऱ्या त्या पोरीच्या हातांत मोजे होते.

गोष्ट एवढीच. अशी दुकानं काही मुरारमध्येच नाहीत. २०१५ साली 'न्यू यॉर्क टाइम्स'ने न्यू यॉर्कमधल्या नखांच्या दुकानांची हकिगत छापली. तिथे नव्या मुलींना काम शिकण्याचे पैसे आधी मालकाला द्यावे लागत आणि मग काही काळ फुकट राबावं लागे. चांगलं दुकान पाटीवरून ओळखू येत नाही आणि दरावरूनही नाही. गिऱ्हाईक रागावतं, रंग चुकतो, कुणाला तरी 'नाही' म्हणायची वेळ येते, तेव्हा त्याची पारख होते. अशा वेळी दुकानात एक ओझं उतरतं. ते या हातातून त्या हातात जातं आणि ज्याला पुढे देता येत नाही त्याच्यापाशी थांबतं. बारादरीच्या बाईंनी ते वहीत आपल्या नावापुढे लिहून घेतलं. आजी तर गिऱ्हाईक होती, तरी तिने आपल्या वाट्याचं उचललं. खुर्चीवरून उठायचा हक्क आपल्याला असतोच. उठताना ओझं कुणाच्या हातात ठेवून निघालो, तेवढं एकदा वळून बघावं.