निर्दोष अंक आणि वाचणाऱ्याची दृष्टी

सन १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकांत चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा प्रसिद्ध झाली. ती अश्लील म्हणून खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकास दोषी ठरविले. परंतु १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस निर्दोष ठरविले.

तर मग मालवण किनाऱ्यावरील आम्ही अशा प्रणयकथा निःशंक वाचाव्या काय? प्रीतीची कथा वाचणे हे पाप नव्हे. परंतु न्यायालय पुस्तकाचा न्याय करिते, वाचणाऱ्याच्या अंतःकरणाचा नव्हे. अंक मिटल्यावर विहिरीवर भेटणारी शेजारीण आम्हांस भगिनी दिसते की केवळ देह, हे ज्याने त्याने स्वतःस पुसावे. केवळ देह दिसत असेल, तर अंक निर्दोष खरा. आम्ही मात्र नव्हे.