मातृपुर आणि महानगर

‘मेट्रोपोलिस’ या ग्रीक शब्दासाठी आपण ‘महानगर’ हा शब्द योजला, आणि त्या व्यवहारात मूळ शब्दातील आई गहाळ झाली. ‘मेटेर’ म्हणजे माता, ‘पोलिस’ म्हणजे नगर. आपल्या ‘मातृ’ आणि ‘पुर्’ या शब्दांची ही दूरची भावंडेच होत. तेव्हा शब्दास शब्द ठेवावयाचा तर ‘मातृपुर’ म्हणावयास हवे होते. मौज अशी की, असे गाव महाराष्ट्रात आहेच. नांदेड जिल्ह्यातील रेणुकेचे माहूर हे मातापूर या नावानेही ओळखले जाते. डोंगराच्या आश्रयाचे ते लहानसे गाव महानगरांच्या कोणत्याही यादीत यावयाचे नाही!

तमिळ भाषेनेही आपल्यासारखेच केले आहे. चेन्नईच्या शहर बसगाड्यांवर ‘मानगर’ असते, नगरविकासाच्या कचेरीवर ‘पेरुनगर’. ‘मा’ काय किंवा ‘पेरु’ काय, दोन्ही मोठेपणाचेच वाचक. राज्यघटनेच्या १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीने महानगर क्षेत्राला १० लाख लोकसंख्येची अट घातली. आम्हा केंद्र सरकारच्या नोकरांचा हिशेब तर त्याहून सरळ: ५० लाखांवर वस्ती गेली की शहर ‘एक्स’ वर्गात, आणि त्या मानाने घरभाडे भत्ता. भत्त्यापुरती शिरगणती पुरेशी आहे. त्याबद्दल तक्रार करणारा कारकून मी तरी पाहिलेला नाही. परंतु मोठे असणे ही केवळ स्थिती आहे, आई असणे हे नाते आहे, आणि नात्याबरोबर देणे येते.

ग्रीकांना ते देणे ठाऊक होते. नवी वसाहत करावयास निघालेले लोक मातृनगराच्या अग्निगृहातील अग्नी बरोबर नेत. करिंथने वसविलेले कॉर्सायरा पुढे धनवान झाले, आरमाराने बलिष्ठ झाले, आणि उत्सवांत मातृनगराचा ठरलेला मान राखीनासे झाले, अशी करिंथची तक्रार थ्युसिडिडीजने नोंदविली आहे. एपिडॅम्नस ही पुन्हा कॉर्सायराची वसाहत. ती संकटात सापडून साहाय्य मागावयास आली, तेव्हा कॉर्सायराने ते नाकारले. म्हणून तिने आजीचे, करिंथचे, दार ठोठावले. त्यातून इ. स. पूर्व ४३५ मध्ये लढाई जुंपली, आणि ४३१ मध्ये सुरू झालेल्या अथेन्स-स्पार्टा महायुद्धाच्या कारणांत तिची गणना झाली. मान न मिळाल्याचे करिंथचे दुःख मला फारसे भिडत नाही. दारी आलेल्या लेकीला परत पाठविणारे कॉर्सायरा मात्र मनातून जात नाही.

या कसोटीला चेन्नई कशी उतरते? १६३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला किनाऱ्यावरील जमिनीचा पट्टा मिळाला, तेथून या शहराचा आरंभ धरतात. पण मैलापूर आणि तिरुवल्लिक्केणी त्याच्या कित्येक शतके आधीची. येथे लेकरे आईहून वडील आहेत! शिवाय आईने पाजावे, तर ही स्वतःच दुसऱ्याचे पिते. कडलूरकडील वीराणम तलावाचे पाणी येथे येते. १९७६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र यांनी कृष्णेतून प्रत्येकी ५ अब्ज घनफूट पाणी या शहरासाठी सोडण्याचे मान्य केले, आणि १९९६ मध्ये ते पाणी येथे पोहोचले. २०१९ च्या उन्हाळ्यात तलाव आटले, तेव्हा जुलैमध्ये जोलारपेट्टैहून आगगाडीने एका खेपेस २५ लाख लिटर पाणी आणावे लागले. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या नदीला आपण कृष्णामाई म्हणतो. मग आई कोण आणि लेकरू कोण?

तथापि एवढ्यावर निकाल देणे अन्यायाचे होईल. सेंट्रल स्थानकासमोर सरकारी मोठे रुग्णालय आहे. पहाटेच्या गाड्यांनी उतरलेली खेड्यापाड्यांतील माणसे कापडी पिशवीत कागद घेऊन रस्ता ओलांडतात आणि त्या फाटकातून आत जातात. ज्या गावांचे पाणी शहराने घेतले, त्यांतलीही काही त्यांत असतील. तेथे त्यांना आत घेतले जाते तोवर हे शहर मातृपुर आहे, लोकसंख्या कितीही असो. ज्या दिवशी त्यांना फाटकाबाहेर थांबविले जाईल, त्या दिवशी ते नुसते ‘एक्स’ वर्गातले गाव उरेल.

आणि आपण, बदलीवर आलेले? कृष्णेचे पाणी आपल्याआधी येथे आले, हे विसरून आपण दहा-दहा वर्षे ‘परका मुलूख’ म्हणत राहतो. पाणी, भाजी, दवाखाना सारे येथलेच घ्यावयाचे, आणि जीव मात्र निवृत्तीनंतरच्या घरासाठी राखून ठेवावयाचा, हा व्यवहार मला तरी कॉर्सायराच्या जातीचा वाटतो. प्रवास सवलतीसाठी आपण ‘स्वग्राम’ जाहीर करतो. सबंध नोकरीत ते एकदाच बदलता येते. माझ्या सेवापुस्तकात वाई आहे, आणि तूर्त तेच राहील. येथे जन्मलेल्या माझ्या मुलीला मात्र ‘तुझे गाव कोणते?’ म्हणून विचारले, तर ती क्षणभरही न थांबता ‘तिरुवल्लिक्केणी’ म्हणते, आणि आपल्या जिभेला न साधणाऱ्या उच्चारात म्हणते.