शिकाऊ हात आणि गिऱ्हाइकाची मान

शिकाऊ हातापुढे मान तुकवणारे गिऱ्हाईक निव्वळ साधन असते का, हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. वाशीसारख्या ठिकाणी केशकर्तनाच्या वर्गात केस स्वस्तात कापून मिळतात, पण वेळ जास्त जातो. विद्यार्थिनी एक बट चिमटीत धरते, कापते, थबकते. मग शिक्षिका कंगवा घेऊन दोन्ही बाजूंची लांबी ताडून पाहते. तत्त्वज्ञ कांटने 1785 मध्ये माणसाला केवळ साधन मानण्यास हरकत घेतली. हात शिकाऊ आहे हे आधी सांगितले आणि मधेच थांबवण्याची मुभा दिली, तर गिऱ्हाईक शिक्षणात सहभागी होते. ते लपवले, तर सवलतीने दोष फिटत नाही. गिऱ्हाइकाच्या सहभागाला विद्यादान म्हणणे मात्र जरा जास्तच. सवलत घेतलेली असतेच.

न्हाव्याच्या बाजूने पाहिले तर, वारकरी आख्यायिकेत संत सेना न्हावी भजनात रमले तेव्हा विठ्ठलच धोकटी घेऊन राजाची हजामत करायला गेला. म्हणजे सेवा करणाऱ्याला मान मिळाला. हजामतीला बसणाऱ्याच्या संमतीचा प्रश्न तिथे येत नाही. तो विधवांच्या केशवपनात, म्हणजे त्यांचे डोके भादरण्याच्या प्रथेत येतो. 1890 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. त्या बायकांची इच्छा सहसा कोणी विचारत नसे.