नफा आणि दुसऱ्याची गरज

व्यापारातल्या नफ्याकडे ख्रिस्ती धर्मविचाराने सुरुवातीपासून सावधपणे पाहिले आहे. बायबलमध्येच दोन सूर ऐकू येतात. खोटी वजने आणि खोटी मापे वापरू नयेत, अशी लेवीयच्या पुस्तकाची आज्ञा आहे. शब्बाथ संपून धान्याची विक्री केव्हा सुरू होते याची वाट पाहणारे आणि गरिबांना लहान मापाने धान्य देणारे व्यापारी आमोस संदेष्ट्याच्या रोषाचे धनी होतात. दुसरीकडे, मत्तयाच्या शुभवर्तमानातील रुपयांच्या दाखल्यात धन्याचे भांडवल वाढवणाऱ्या दासांची वाहवा होते आणि ते जमिनीत पुरून ठेवणाऱ्याला बोल लागतो. फिलिप्पैतील पहिल्या ख्रिस्ती मंडळीला आपले घर उघडून देणारी लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करत होती. धंदा आणि श्रद्धा एकत्र नांदू शकतात, हे तिच्या उदाहरणातून दिसते. मग नफा कोठे चुकतो, एवढाच प्रश्न उरतो.

मध्ययुगात आधी या प्रश्नाचे उत्तर कठोर होते. बाराव्या शतकात ग्रेशियनच्या नावाने तयार झालेल्या धर्मकायद्याच्या संग्रहात, व्यापारी देवाला क्वचितच संतुष्ट करू शकतो, अशा आशयाचे वचन आढळते. 1179 च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघडपणे सावकारी करणाऱ्यांना ख्रिस्ती दफन नाकारले. त्या काळी कर्ज काढणारा बहुधा अडलेला शेतकरी किंवा कारागीर असे. त्यामुळे व्याज म्हणजे त्याच्या अडचणीवर केलेली कमाई, असे चर्चला वाटे.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात या विचाराला नेमकेपणा दिला. नफ्यात स्वभावतः काही उदात्त नसले तरी काही दुष्टही नाही, असे त्याने मांडले. घर चालवण्यासाठी, गरजूंना मदत करण्यासाठी, किंवा देशात आवश्यक वस्तूंचा तुटवडा पडू नये म्हणून केलेला व्यापार योग्य आहे. अशा व्यापारातला नफा हे त्या व्यापाराचे साध्य नसते, तो श्रमाचा मोबदला असतो. एखादी वस्तू देऊन टाकल्याने विक्रेत्याचे खास नुकसान होत असेल, तर त्याने त्या नुकसानीची भरपाई किमतीत धरावी. मात्र वस्तूची निकड फक्त ग्राहकाला असेल आणि विक्रेत्याला ती देण्याने काहीच तोटा होत नसेल, तर भाव चढवता येत नाही. ती निकड ग्राहकाची आहे, आणि जे आपले नाही ते विकण्याचा अधिकार कोणालाही नाही. ख्रिस्ती नीतीचा नफ्यासंबंधीचा सर्वांत मोलाचा विचार हाच आहे. श्रम, जोखीम आणि कौशल्य यांचे दाम घेता येते, दुसऱ्याच्या असहायतेचे घेता येत नाही.

हा निकष लावणे नेहमी सोपे नसते. धान्य महागलेल्या गावात एक व्यापारी पोहोचतो आणि मागून आणखी धान्य येत आहे हे फक्त त्यालाच ठाऊक असते, असे जुने उदाहरण अक्वायनसने चर्चेला घेतले आहे. चालू भावाने विकल्यास न्यायाचा भंग होत नाही, पण त्याने खरी परिस्थिती सांगितली किंवा भाव कमी केला तर ते अधिक सद्‌गुणाचे ठरेल, असा त्याचा निर्वाळा आहे. म्हणजे न्याय ही किमान पायरी आहे. पुढे स्पेनमधील सालामांका परंपरेच्या विचारवंतांनी, फसवणूक आणि मक्तेदारी नसलेल्या बाजारात सर्वसाधारणपणे ठरणारा भाव रास्त मानला. टंचाईच्या ठिकाणी माल आणणाऱ्याला वाहतुकीचा आणि जोखमीचा मोबदला मिळायलाच हवा. पण मक्तेदारीत ग्राहकाला दुसरी वाटच उरत नाही, आणि तेथे बाजाराचा भाव हे समर्थन लंगडे पडते.

प्रॉटेस्टंट परंपरेत जॉन वेस्लीने 1760 मध्ये छापलेल्या पैशाच्या उपयोगावरील प्रवचनात होईल तितके कमवा, वाचवा आणि द्या, असा उपदेश केला. या उपदेशातला कमावण्याचा भाग अनेकदा अर्धवट सांगितला जातो. वेस्लीने त्याला कडक अटी घातल्या होत्या. शेजाऱ्याची मालमत्ता, शरीर आणि आत्मा यांना इजा करून मिळवलेला पैसा त्याला मान्य नव्हता. दारूचे विक्रेते आणि कमाईसाठी रुग्णाचे दुखणे लांबवणारे वैद्य यांचा त्याने कडक निषेध केला.

चांगला हेतूसुद्धा ही कसोटी रद्द करत नाही. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. कोकण आणि गोव्यातील असंख्य घरांवर चढलेल्या मंगलोरी कौलांचा इतिहास तेथून सुरू होतो. धर्मांतरामुळे जातीबाहेर पडून उपजीविका गमावलेल्यांना काम देणे हा अशा उद्योगांचा एक हेतू होता. तरीही ज्या संस्थेकडे कामगाराची मंडळी आहे, तिच्याच हाती त्याची रोजीही असेल, तर मजुरीबद्दल मोकळेपणाने बोलणे त्याला अवघड जाते. मिळकत धर्मकार्याला गेली म्हणून हा प्रश्न मिटत नाही.

पोप लिओ तेराव्याच्या 1891 च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाने, दुसऱ्याच्या असहायतेचे दाम घेऊ नये, हाच तर्क कारखान्यातील मजुरीला लावला. गरजेपोटी किंवा आणखी वाईट भोगावे लागेल या भीतीने कामगाराने कठीण अटी स्वीकारल्या, तर तो करार स्वेच्छेचा राहत नाही, कामगार अन्यायाचा बळी ठरतो. शंभर वर्षांनी, 1991 मध्ये, पोप जॉन पॉल दुसऱ्यांनी नफा हे उद्योग नीट चालल्याचे लक्षण असल्याचे मान्य केले. पण हिशेब चोख असूनही त्या उद्योगातील माणसांची अवहेलना होत असू शकते, असेही त्यांनी बजावले.

यावरून दानाची जागाही स्पष्ट होते. लूकच्या शुभवर्तमानातील यरीहोचा जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे ठरवतो. त्याशिवाय, ज्यांच्याकडून अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत करण्याचे वचनही तो देतो. या दोन गोष्टी तो एकमेकींत मिसळत नाही. गरिबांना दिलेले दान फसवल्या गेलेल्यांच्या पदरात पडत नाही, म्हणून त्यांचे देणे त्यांनाच चुकते करावे लागते. नफ्याचा न्याय त्याच्या विनियोगावरून करण्याआधी तो मिळाला कसा, हे पाहणे म्हणूनच अटळ आहे.