कचेरीचे बोलावणे आणि घराचे बोलावणे



मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली आणि पुण्याला नोकरी करणारी आपली मुले लॅपटॉपच्या बॅगा घेऊन गावी आली. आपल्या लासुर्णे परिसरातल्या कितीतरी घरांत माडीवर किंवा पडवीत त्यांच्यासाठी एक टेबल मांडले गेले. रेंजसाठी गच्चीवर जाणे, मीटिंग चालू असताना टीव्ही बारीक करणे, लाईट गेली की धावपळ करणे, हे सगळे अंगवळणी पडले. तो काळ भीतीचा होता. अनेक घरांनी माणसे गमावली. तरी जो मुलगा नाताळला आणि ईस्टरलाच दिसायचा, तो रोज आईवडिलांच्या पंगतीला बसू लागला, हेही तितकेच खरे.

हे असेच चालू राहील असे त्या वेळी कंपन्यांनाही वाटत होते. २०२५ पर्यंत आपले २५ टक्क्यांहून अधिक कर्मचारी एका वेळी कार्यालयात असण्याची गरज राहू नये, असा विचार टी.सी.एस.ने एप्रिल २०२० मध्ये मांडला होता. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून ठराविक श्रेणीपर्यंतच्या कर्मचाऱ्यांना महिन्यातले किमान १० दिवस कार्यालयात येणे भाग केले. अमेरिकेत अॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून पाच दिवसांचा नियम केला. हिंजवडीचे रस्ते पुन्हा गाड्यांनी भरले. इथून हिंजवडी शंभर किलोमीटरहून दूर, रोज जाऊन येण्याजोगे ते अंतर नाही. म्हणून मुलांनी पुन्हा पुण्यात खोल्या घेतल्या आणि आपल्याकडची टेबले रिकामी झाली.

आता पुष्कळ आईवडील आम्हाला विचारतात, "फादर, तीन वर्षे घरी बसून काम झाले, पगारही मिळाला. मग आता काय अडले?"

प्रश्न रास्त आहे. पण मालकाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. नवीन मुलगा काम शिकतो ते जुन्याच्या शेजारी बसून. सुतारकाम असो वा संगणक, नुसत्या निरोपावर सगळे येत नाही. शिवाय घरी राहण्याची ही सवलत सगळ्यांना कधी मिळालीच नव्हती. ऐन साथीतही दवाखान्यातली परिचारिका कामावर होती, साखर कारखान्याचा कामगार पाळीवर होता, उसाला पाणी देणारा माणूस रात्रीचा शेतात होता. ऊसतोड कामगार तर दरवर्षी म्हाताऱ्या आईबापांना गावी ठेवून आपल्या फडात कोयता घेऊन येतात. त्यांच्या आईबापांची आठवण आपण किती वेळा केली? आपले दुःख खरे आहे, पण ते फक्त आपलेच नाही, हे ओळखले तर मनात कडवटपणा राहणार नाही.

या विषयावर पवित्र शास्त्रात एक संपूर्ण पुस्तक आहे. जुन्या करारातले तोबीतचे पुस्तक आपण घरी पुन्हा वाचावे. तोबीत आंधळा झाला, तेव्हा त्याची पत्नी अन्ना घरी विणकाम करून मजुरी मिळवू लागली. घरबसल्या कामाची ही केवढी जुनी गोष्ट! पुढे तोबीतने आपल्या मुलाला, तोबियासला, दूर मेदिया देशात ठेवलेले पैसे आणायला धाडले. आई रडली. पैशांवर पैसे साठवून काय करायचे, देवाने दिले तेवढ्यात आपले भागत होते, असे ती नवऱ्याला म्हणाली. आज आपल्या घराघरांत हेच बोलणे होते.

तोबियास गेला. वाटेत रगुएलच्या घरी साराशी त्याचे लग्न झाले आणि सासऱ्याने चौदा दिवसांचा सोहळा मांडला. तिकडे बाप दिवस मोजत होता, आई रोज रस्त्याकडे डोळे लावून बसत होती. तोबियासला हे ठाऊक होते. म्हणून त्याने सोबत आलेल्या राफाएलला पैसे आणायला पुढे पाठवले, म्हणजे आपला वेळ वाचेल. चौदा दिवस संपल्यावर रगुएल म्हणाला की अजून राहा, तुझी खुशाली कळवायला मी माणसे पाठवतो. तोबियासने ते मानले नाही. खुशालीचा निरोप पुरेसा नाही, मला स्वतःलाच गेले पाहिजे, असे त्याने ठरवले. रगुएलनेही अडवले नाही. आपली अर्धी मालमत्ता देऊन त्याला वाटेला लावले. आणि घरी पोचल्यावर बापाच्या डोळ्यांना औषध कोणी लावले? देवदूताने ते सांगितले होते, पण लावले मुलाने, आपल्या हाताने.

यातून आपण तीन गोष्टी घेऊ.

पहिली मुलांसाठी. कंपनी पत्र पाठवून बोलावू शकते. हजेरी लागली नाही तर जाब विचारू शकते. आईवडील तसे पत्र कधीच पाठवणार नाहीत. फोनवर ते "आम्ही बरे आहोत, तू कामाचे बघ" असेच म्हणतील. म्हणून त्यांचे न आलेले बोलावणे आपणच ऐकायचे आहे. व्हिडिओ कॉल जरूर करावा, पण तो रगुएलच्या निरोप्यासारखा आहे. महिन्यातला कोणता शनिवार-रविवार घरचा, हे आधी ठरवून ठेवावे आणि ते कचेरीच्या हजेरीइतकेच पाळावे.

दुसरी मालकांसाठी. आपल्यातही दुकान, डेअरी, शेती चालवणारे आहेत, त्यांच्या हाताखाली माणसे आहेत. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्झरचेन्स’ या परिपत्रकात ठामपणे मांडली. माणसाला कामावर बोलावण्याचा हक्क मालकाला आहे. पण त्या माणसाच्या घरी कोणी आंधळा तोबीत वाट पाहत असेल, तर त्याला वेळेवर सोडणे हे रगुएलचे कर्तव्य आहे.

तिसरी आपल्या सर्वांसाठी. तोबियासच्या वाट्याचे काम राफाएल करून आला. मुलगा पुण्यात असताना त्याच्या आईला दवाखान्यात नेणे, वडिलांची पेन्शनची कागदपत्रे भरून देणे, संध्याकाळी शेजारी बसून जपमाळ म्हणणे, हे राफाएलचे काम धर्मग्रामाने करायचे आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबा आणि ज्येष्ठांसाठी नेमून दिला. तो दिवस वर्षातून एकदा येतो. म्हातारपण रोजचे असते.

प्रभू येशूने दुरूनही काम केले. तो काना गावी होता आणि तिकडे कफर्णहूममध्ये अंमलदाराचा मुलगा बरा झाला. त्याच्या शब्दाला अंतर नव्हते. तरीही आपल्या तारणासाठी तो स्वर्गातून नुसता शब्द पाठवून थांबला नाही. तो माणूस झाला, आपल्यात राहिला, आपल्या ताटात जेवला. साथीच्या काळात आपणही पवित्र मिस्सा मोबाईलवर पाहिली. राज्यातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. आजाऱ्यांना मोबाईलचा आधार आजही आहे. पण ख्रिस्तशरीर मोबाईलवरून मिळत नाही. ज्याचे पाय चालतात त्याने देवाच्या घरी यावे, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी आपण जावे.

म्हणून या आठवड्यात एवढे करू या. आपल्या गल्लीत ज्या घरचे टेबल रिकामे झाले आहे, त्या घरी एकदा जाऊन बसू या. चहा होईल, मुलाचा विषय निघेल. घाई न करता ऐकू या.

हे प्रभो, दूर असलेल्या आमच्या मुलांच्या वाटेवर तुझा देवदूत राफाएल ठेव. वाट पाहणाऱ्या आईवडिलांना धीर दे. मालकांना न्यायबुद्धी दे आणि आम्हाला एकमेकांचे शेजारी कर. आमेन.